चुकीच्या शब्दांची वही

मी तीसेक वर्षं अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांचं वऱ्हाडी बंद करण्याचं काम अगदी मनापासून केलं. त्याच कामाबद्दल अलीकडे अमरावतीत माझा जाहीर सत्कार झाला. शाल, नारळ आणि 'वऱ्हाडी बोलीचे राखणदार' असं कोरलेलं स्मृतिचिन्ह मिळालं. हे कसं घडलं ते नीट सांगितलं पाहिजे. नाही तर लोक समजतील मी खरंच काही राखलं.

मी मूळचा चांदूर रेल्वेकडचा. घरी शेती. घरात, वावरात, शाळेत सगळीकडे एकच बोली. ती बोली आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माणसं अशीच बोलतात. हा गैरसमज पुण्यात दूर झाला. बी.एड.ला गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी विचारलं, "पाठाचं टाचण कुठे आहे?" मी उभा राहून म्हणालो, "लिहून राहिलो, सर." म्हणजे आत्ता लिहितो आहे. ते म्हणाले, "लिहायचं राहिलं? मग कधी लिहिणार?" मी म्हणालो, "राहिलं नाही सर, लिहून राहिलो." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एकाने पुढे वर्षभर मला 'काय, जेवून राहिलास का? झोपून राहिलास का?' असं विचारून पुरेसं शिक्षण दिलं. मी चिडायला हवं होतं त्याच्यावर. चिडलो माझ्या जिभेवर.

वर्षभरात 'मले' गेलं, 'मला' आलं. 'काहून' गेलं, 'का' आलं. दिवाळीला गावी गेलो तर वडील म्हणाले, "पाव्हण्यासारखं काय बोलतं बे?" मला तो गौरव वाटला.

अकोल्याला नोकरी लागली तसा मी या कामाला पद्धतशीर लागलो. लाल पुठ्ठ्याची जाड वही आणली. वर लिहिलं: 'अशुद्ध शब्द'. वर्गात कुणी वऱ्हाडी बोललं की ते पूर्ण वाक्य डावीकडे लिहायचं, पुढे इयत्ता आणि हजेरी क्रमांक, आणि उजवीकडे शुद्ध रूप. शनिवारी शेवटच्या तासाला त्या आठवड्याच्या चुका वाचून दाखवायच्या. मुलं हसायची. ज्याचं वाक्य असेल तोही हसायचा, कारण न हसून सांगणार कुणाला?

'सर, अवंदा आमची पऱ्हाटी टोंगळ्याएवढी झाली.' याच्या समोर मी लिहिलं होतं: 'यंदा आमच्या कपाशीची रोपे गुडघ्याइतकी वाढली आहेत.' वाचून दाखवताना मला स्वतःलाच ते वाक्य सरकारी पत्रकासारखं वाटायचं. पण शुद्ध होतं.

घरीही हेच. माझी बायको अकोटजवळच्या खेड्यातली, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी वांगी, मिरची, संत्री. लग्नाला महिनाच झाला असेल, आमचे हेडमास्तर चहाला आले. स्वयंपाकघराच्या दारातून ती आदबीने म्हणाली, "बसा ना जी, चहा मांडून राहिली. उलीसक थांबा." हेडमास्तर काही म्हणाले नाहीत. मीच हसत म्हणालो, "'थोडं थांबा' म्हणायचं असतं. मनावर घेऊ नका सर, अजून गावाकडचीच आहे." तिने चहा आणून ठेवला. त्यानंतर ती पाहुण्यांसमोर बरेच दिवस बोललीच नाही. मग रेडिओवरच्या बातम्या ऐकायला लागली. दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागली. दोन वर्षांत ती अशी बोलायला लागली की शेजारची मंडळी विचारायची, "वहिनी पुण्याच्या का?" ही गोष्ट मी कैक वर्षं लोकांना अभिमानाने सांगितली आहे, ती समोर बसलेली असताना.

वहीचं म्हणाल तर सुरुवातीची पानं गच्च भरलेली. पुढे शब्द बदलत गेले. वावर, वखर, ढोरं कमी झाली. 'टेन्शन नको घेऊ', 'शायनिंग मारते', 'बोर करून राहिले सर' अशी वाक्यं आली. मग 'चिल मार'. मग पानं रिकामी पडू लागली. शेवटच्या काही वर्षांत महिन्याला एखादं वाक्य. मुलं टीव्हीतल्यासारखं बोलायला लागली होती, किंवा माझ्याशी बोलायचीच नाहीत. मी त्याचा अर्थ असा काढला की मी जिंकलो. निवृत्त झालो आणि वही माळ्यावर टाकली.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी एके सकाळी फोन आला. "सर, ओळखलं का? आठवी ब. मी अमरावतीहून बोलून राहिली." आवाज बाईचा, खणखणीत. ती मोबाइलवर वऱ्हाडी व्हिडिओ करते म्हणाली. सासू, सून, शेजारीण सगळ्या तीच. पुण्यापासून दुबईपर्यंत लोक पाहतात. जुने शब्द विचारतात. "अन् मले एकदम आठवलं सर. तुमची ती लाल वही हाये का अजून?"

मला वाटलं थट्टा करते आहे. पण दोन दिवसांनी ती खरंच आली. खांद्याला पिशवी, पिशवीत मोबाइलचा स्टँड आणि माझ्या बायकोसाठी मळ्यातली मेथी. तिचे आईवडील भाजीपाला लावायचे, आठवडी बाजारात बसायचे, ते मला तेव्हा आठवलं.

बायकोने वही माळ्यावरून काढून, झटकून तिच्या हातात दिली. पोरीने पहिलं पान उघडलं आणि ओरडलीच. "अय माय! सर, हे तर सोनं हाये." दोन तास ती खाली सतरंजीवर बसून वाचत होती. मी वर्गात वाचायचो त्याच वाक्यांना ती हसत होती, पण तिचं हसणं निराळं होतं. जत्रेत हरवलेली नातलग बाई दिसावी तसं.

मधेच थांबून म्हणाली, "सर, इथं तुमी भैताड म्हणजे मूर्ख असं लिवलं."

"मग? मूर्खच की."

"नाही ना सर. मूर्खाचा राग येते. भैताडाचा येत नाही. माहा बाप माह्या मायले रोज भैताड म्हणे, अन् तिच्यासाठी जिलबी आने."

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बरोबर आहे तिचं." मी बघितलं तर ती आत निघून गेली होती.

असं बऱ्याच शब्दांचं निघालं. 'टोंगळा' म्हणजे गुडघा, हे माझं भाषांतर. पण पोरीचं म्हणणं, गुडघा डॉक्टरला दाखवतात आणि टोंगळा पडून फुटतो. 'झामल झामल' समोर मी 'वेळ वाया घालवणे' लिहिलं होतं. ती म्हणाली, त्यात वेळ वाया जात नाही सर, मजेत जातो. तीस वर्षं मी उजवीकडे जे लिहीत होतो, त्यातलं निम्मं चूक होतं. आणि मी मराठीचा शिक्षक.

पानं उलटता उलटता ती म्हणाली, "आठवी ब, सदतीस, सदतीस, सदतीस... सर, हे सगळे तर माहेच हायेत!" मग एका पानावर तिचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. माझ्याच अक्षरात होतं: 'आठवी ब, सदतीस. "मले वाटते." वारंवार सांगूनही सुधारणा नाही. वक्तृत्व स्पर्धेतून वगळले.'

मला ते अजिबात आठवत नव्हतं. तिने पान उलटलं आणि पुढच्या वाक्याला हसली. जाताना तिने एकेका पानाचा फोटो काढला आणि म्हणाली, "सर, आमी अमरावतीले कार्यक्रम करून राहिलो, बोलीचा. तुमचा सत्कार करायचा हाये. नाही म्हनू नका."

मी नाही म्हणालो नाही. निवृत्त माणूस सत्काराला सहसा नाही म्हणत नाही.

सभागृह भरलेलं होतं. तरुण पोरंपोरी, वयस्क जोडपी, टोप्या घातलेले दोन-तीन शेतकरी. मागे मोठ्या पडद्यावर माझ्या वहीची पानं एकामागून एक येत होती. हजेरी क्रमांक तिने झाकले होते. उजवीकडची बाजूही. नुसती डावी बाजू दिसत होती आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. सूत्रसंचालकांनी सांगितलं की जेव्हा सगळे आपल्या बोलीला हसत होते तेव्हा एका शिक्षकाने एकेक शब्द जपून ठेवला. मला शाल पांघरली. माईक हातात दिला.

मी घरून भाषण लिहून आणलं होतं. त्यात 'भाषिक वारसा' असे शब्द होते. पण पडद्यावर नेमकं ते पऱ्हाटीचं वाक्य आलं, आणि ते बोलणाऱ्या पोराचा चेहरा मला आठवला. कागद खिशात घातला आणि म्हणालो, "मंडळी, गैरसमज झाला आहे. ही वही शब्द जपायला नव्हती. ही आरोपींची यादी होती."

सभागृह खदखदून हसलं.

"मी दर शनिवारी ही वाक्यं वाचून मुलांची टर उडवायचो."

आणखी हशा. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "वा सर, वा!"

मी हात वर केला. "माझ्यामुळे पोरं बोलायची बंद झाली. हा सत्कार चुकीच्या माणसाचा आहे."

एका बाईने शेजारणीला सांगितलेलं मला मंचावर ऐकू आलं, "किती साधा माणूस आहे गं!"

आता माझा संयम सुटला. माईकवरून जवळजवळ ओरडलोच, "अरे, मी खरं सांगून राहिलो ना! तुमाले समजत काहून नाही?"

आणि मग जी टाळ्यांची सर उठली ती थांबेना. लोक उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या. पुण्याहून आल्यापासून माझ्या तोंडून पहिल्यांदा ती भाषा बाहेर पडली होती, आणि लोकांना वाटलं तो कार्यक्रमाचा भाग आहे. मी मुकाट्याने नारळ घेऊन खाली बसलो. कबुली द्यायला उभं राहावं आणि त्याबद्दल दुसऱ्यांदा टाळ्या मिळाव्यात, हे सगळ्यांच्या नशिबी येत नाही.

बाहेर पडताना कॉलेजातल्या एका पोराने माझा हात धरला. "सर, विषय हार्ड!"

मी म्हटलं, "कोणता विषय? व्याकरण?"

तो हसत सुटला. "नाही सर, म्हंजे तुमी एकदम भारी."

"आमच्या वेळी 'टकाटक' म्हणायचे," मी म्हणालो. "आणि वाईट असलं की 'बंडल'."

"टकाटक माहे आजोबा म्हनतात सर," तो आदराने म्हणाला. त्याचं 'विषय हार्ड'ही आमच्याकडचं नव्हे, मोबाइलमधून आलेलं. त्याचा नातू ते ऐकून असाच आदराने हसेल. पण हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचा शब्द नवाकोरा होता, वापरू दे.

पोरगी मला बडनेरा स्टेशनवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. फलाटावर चहा घेताना मी विचारलं, "तू तरी खरं सांग. तुला माहीत होतं ना सगळं? मग मला कशाला बोलावलंस?"

तिने कप बाकावर ठेवला. "सांगू? राग होता सर. मी ठरवलं होतं, तुमाले शाल घालायची, अन् मग माईक घेऊन सांगायचं का याच सरांनी मले स्पर्धेतून काढलं. स्पर्धेचं भाषन मी महिनाभर पाठ केलं होतं. मायले वांगे तोडताना ऐकवलं होतं. तुमी म्हनले, जीभ जड हाये इची. मग मी धावीपर्यंत वर्गात तोंडच उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी."

"मग सांगितलं का नाहीस आज?"

"तुमी सांगू देलं कुठं?" ती एकदम चिडून म्हणाली. "माह्याआधी तुमीच सगळं सांगून बसले. लोक हसले. आता मी तेच सांगितलं असतं तर माह्यावरही हसले असते." आणि मग तिलाच हसू फुटलं. मला नाही फुटलं.

मी म्हणालो, "चुकलं माझं. फार चुकलं."

तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मला ते बरं वाटलं. गाडी आल्यावर तिने नारळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट जा सर. पोचले की फोन करा."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती शाल घडी घालत ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "तिची माफी मागितलीत, हे योग्यच केलंत." मग म्हणाली, "अजून कुणाची राहिली असेल तर तेही बघा."

मला हेडमास्तरांचा चहा आठवला. खूप उशिरा आठवला. मी म्हणालो, "तू बोल ना आता तसं. मी काही म्हणणार नाही."

"येत नाही," ती म्हणाली. "मी रुसून बोलत नाही असं समजू नका. प्रयत्न केला मी. आई आजारी होती तेव्हा महिनाभर तिच्याजवळ होते. तोंडातून शुद्धच यायचं. ती एकदा म्हणाली, 'बाई, तू नर्ससारखी काहून बोलून राहिली माह्यासंग?'" शाल कपाटात ठेवून तिने दार लावलं. "त्याला मी काय उत्तर देणार होते?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या," आणि भाजी निवडायला बसली.

पुढच्या महिन्यात तिच्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून आम्ही अकोटजवळ तिच्या माहेरी गेलो. भाच्याची बायको नाशिककडची. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिचं बोलणं अगदी पुस्तकी होतं, मला चांगलं आठवतं, कारण मी लग्नात तिची त्याबद्दल स्तुती केली होती.

बाळंतीण पोरगी अंगणात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बायको स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. तिथून तिने विचारलं, "सूनबाई, कोथिंबीर कुठे ठेवली आहे?"

"सांबार का आत्या?" पोरगी अंगणातून ओरडली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, पातेल्याला गंज. "खाल्लाकडच्या टोपल्यात हाये पाहा. गंजाच्या मांगं."

बायको दारात आली. "तू कधी शिकलीस असं बोलायला?"

"इथं कोनी माह्यं ऐकतच नव्हतं ना आत्या!" पोरगी म्हणाली. "मी कोथिंबीर म्हटलं की सासूबाई म्हनत, ते काय असते व? मग मीच शिकली. पहिले पहिले लई हसायचे सारे. मीही हसू. कोनी रागावलं नाही कधी." मग तिने बायकोकडे पाहून विचारलं, "तुमी काहून नाही बोलत आत्या? तुमचं तर माहेर हाये हे."

बायको आत वळली. टोपल्यातून सांबार घेतला, धुतला, चिरायला बसली. मी ओसरीवर वर्तमानपत्र धरून होतो. पोरगी बाळाला पाळण्यात टाकून तिच्याजवळ जाऊन बसली. गावातल्या कुणा बाईचं लग्न, कुणाची संत्र्याची बाग, असं काही चाललं होतं. पोरगी विचारायची, बायको सांगायची. आधी नेहमीसारखं, बातम्यांतल्यासारखं. मग एका वाक्यात एक शब्द अडखळत आला. मग पोरीने काहीतरी चुकीचं म्हटलं असावं, कारण बायको हसून म्हणाली, "नाही व, तसं नाही म्हनत," आणि पुढे जी बोलत सुटली ती थांबेनाच. कोण कुठे पडलं, कुणाचा टोंगळा फुटला, कोण भैताड निघालं. आवाजसुद्धा बदलला होता. जाड, भरलेला, खेड्यातल्या विहिरीवरून येतो तसा. लग्नानंतरचा पहिला महिना सोडला तर मी तो कधी ऐकलाच नव्हता.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. दोघींना दिसलो नाही बराच वेळ. मग बायकोची नजर वर आली.

"काय ऐकून राहिले जी तिथं उभ्यानं?" ती म्हणाली. "पानी घ्या अन् बसा जेवाले. वरन थंडं होऊन राहिलं."